शेतातील नमुना आणि प्रयोगशाळेतील विद्यार्थी : कीटकशास्त्राच्या पदव्युत्तर संशोधनातील सुविधांची ओळख

खरीप हंगामात कीटकशास्त्र विभागाकडे येणारे अनेक नमुने प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेले असतात. पिशवीत मक्याच्या पानांचे तुकडे, साचलेला ओलावा आणि काळ्या पडून कुजलेल्या चार-पाच अळ्या असतात. सोबत चिठ्ठी असते : ‘ही कोणती अळी आहे आणि काय फवारावे, ते कळवावे.’ नमुना आणणाऱ्याने वेळ आणि पैसा खर्च केलेला असतो, त्याचा प्रश्नही रास्त असतो. तथापि अशा नमुन्यावरून खात्रीचे उत्तर देता येत नाही. नवा नमुना मागवावा लागतो, त्यात आठवडा-दहा दिवस जातात आणि तोवर अळी पोंग्यात खोलवर शिरलेली असते.

नमुना पोहोचल्यानंतर त्याचे पुढे काय होते, याची माहिती आपल्यापर्यंत क्वचितच पोहोचते, हे या अडचणीचे मूळ आहे. कीड ओळखणे, ती जिवंत ठेवून वाढवणे, तिच्यावर औषधाचा किंवा मित्रकीटकाचा प्रयोग करणे आणि निष्कर्ष शेतात पडताळणे ही कामे ज्या सुविधांत होतात, तेथे सूक्ष्मदर्शकासमोर बसलेली व्यक्ती बहुतेक वेळा एम. एस्सी. किंवा पीएच. डी. करणारा विद्यार्थी असते. एम. एस्सी.च्या चार सत्रांपैकी पहिली दोन मुख्यतः अभ्यासक्रमात जातात आणि खरीप पिकावर काम करणाऱ्यास प्रत्यक्ष संशोधनासाठी बहुधा एकच हंगाम मिळतो. त्या हंगामात त्याला कोणती सुविधा उपलब्ध होते, यावर त्याचा प्रबंध अवलंबून असतोच. पुढील काही वर्षे आपण शेतकऱ्यांना देणार असलेला सल्लाही त्यावर अवलंबून असतो. म्हणून या सुविधांची ओळख विस्तार कार्यकर्ते आणि प्रगतिशील शेतकरी यांनाही असणे अगत्याचे आहे.

संदर्भ संग्रह : कीटकाचे नाव ठरवण्याची जागा

कीड व्यवस्थापनाची पहिली पायरी म्हणजे अचूक ओळख. ओळख चुकली, तर त्यानंतरची प्रत्येक शिफारस चुकते. ओळख पटवण्यासाठी लागणारी मूळ सुविधा म्हणजे संदर्भ संग्रह. टाचणीला लावलेले, काचपट्टीवर बसवलेले किंवा अल्कोहोलमध्ये ठेवलेले आणि तज्ज्ञांनी नाव निश्चित केलेले नमुने या संग्रहात जतन केलेले असतात. नव्याने आलेला कीटक त्यांच्याशी ताडून पाहिला जातो.

आपल्या देशातील कृषी कीटकांचा प्रमुख संग्रह नवी दिल्ली येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या कीटकशास्त्र विभागात आहे. ‘राष्ट्रीय पुसा संग्रह’ या नावाने तो ओळखला जातो. बिहारमधील पुसा येथे १९०५ मध्ये संस्थेची स्थापना झाली, त्या काळात या संग्रहाचा पाया घातला गेला. १९३४ च्या भूकंपात तेथील इमारतींची मोठी हानी झाली आणि १९३६ मध्ये संस्थेबरोबर हा संग्रहही दिल्लीस आला. आज त्यात सुमारे ५ लाख नमुने आहेत. याखेरीज कोलकाता येथील भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था, डेहराडून येथील वन संशोधन संस्था, बंगळूरचे कृषी विज्ञान विद्यापीठ आणि बंगळूर येथील राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो यांचे संग्रहही विद्यार्थ्यांच्या उपयोगाचे आहेत. कोइमतूर येथील तमिळनाडू कृषी विद्यापीठाचे कीटक संग्रहालय तर सामान्य नागरिकांनाही पाहता येते.

विद्यार्थी येथे नमुने तपासण्यास येतो, तेव्हा आपण शेतात ज्या खुणांवरून कीड ओळखतो, त्यांहून निराळ्या खुणा तो शोधत असतो. पतंगाच्या पंखांवरील रंग झिजतात, अळीचा रंग खाद्यानुसार बदलतो. म्हणून अनेक पतंगांची अंतिम ओळख नराच्या जननेंद्रियांच्या रचनेवरून होते. पांढरी माशी उडणाऱ्या प्रौढावरून नव्हे, तर पानाला चिकटलेल्या कोषावस्थेवरून ओळखतात. पिठ्या ढेकूण आणि फुलकिडे यांची प्रौढ मादी काचपट्टीवर बसवून तिच्या अंगावरील सूक्ष्म केस आणि रंध्रे तपासावी लागतात. कोणत्या अवस्थेतील नमुना हवा, हे प्रत्येक गटासाठी का वेगळे असते, याचे कारण येथे आहे.

गेल्या दोन दशकांत या पद्धतीला डीएनए बारकोडची जोड मिळाली आहे. कीटकाच्या पेशीतील मायटोकाँड्रियामध्ये असलेल्या एका ठरावीक जनुकाचा सुमारे ६५८ अक्षरांचा तुकडा वाचला जातो आणि तो जागतिक माहितीसाठ्यातील क्रमांशी ताडला जातो. अंडी किंवा पहिल्या अवस्थेतील अळी असली, तरी ओळख पटू शकते, हा या पद्धतीचा मोठा लाभ आहे. मात्र माहितीसाठ्यातील मूळ नोंदच चुकीच्या नावाने केलेली असेल, तर यंत्र तीच चूक पुन्हा सांगते. म्हणून बारकोड आणि संग्रह ही दोन्ही साधने एकत्र वापरावी लागतात.

याचे महत्त्व २०१८ मध्ये प्रकर्षाने दिसून आले. त्या वर्षीच्या मे महिन्यात कर्नाटकातील शिवमोगा परिसरात मक्यावर एक अळी आढळली. वरवर पाहता ती आपल्याकडील जुनी लष्करी अळी किंवा तंबाखूची पाने खाणारी अळी वाटण्यासारखी होती. डोक्यावरील उलट्या इंग्रजी ‘वाय’सारखी फिकट खूण आणि शेवटून दुसऱ्या खंडावर चौकोनात असलेले चार काळे ठिपके पाहून संशोधकांना शंका आली. शरीररचना आणि डीएनए या दोन्हींच्या आधारे ती अमेरिका खंडातील स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा, म्हणजे आज आपण जिला नवीन लष्करी अळी म्हणतो ती असल्याचे निश्चित झाले. २०१६ मध्ये आफ्रिकेत पोहोचलेल्या या किडीची भारतातील ही पहिली नोंद होती. त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही आढळली. ओळख लवकर पटल्यामुळे इतर राज्यांना सावध करता आले आणि कोणते मित्रकीटक शोधावेत, याची दिशाही मिळाली. ती ‘नेहमीचीच अळी’ समजून सोडून दिली असती, तर एक संपूर्ण हंगाम हातचा गेला असता.

संगोपन कक्ष : किडीला जगवण्याची कला

कीड मारण्याच्या संशोधनासाठी आधी ती निरोगी जगवावी लागते, हे ऐकून शेतकरी बांधवांना आश्चर्य वाटते. परंतु शेतातून गोळा केलेल्या अळ्या वेगवेगळ्या वयाच्या असतात. काहींवर आधीच फवारणी झालेली असते, तर काहींच्या पोटात परोपजीवी कीटकाची अंडी असतात. अशा अळ्यांवर औषधाचा प्रयोग केला, तर मृत्यू औषधाने झाला की अन्य कारणाने, हे सांगता येत नाही. त्यामुळे अळ्या प्रयोगशाळेत वाढवून त्यांच्या पुढील पिढीतील एकाच वयाच्या अळ्या प्रयोगासाठी घेतल्या जातात.

यासाठी लागणारा संगोपन कक्ष दिसायला साधा असतो. तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअस, आर्द्रता साधारण ६५ ते ७० टक्के आणि ठरावीक तास प्रकाश एवढे नियंत्रण तेथे लागते. घाटे अळीसाठी हरभऱ्याचे पीठ, यीस्ट, अगर, जीवनसत्त्वे आणि बुरशीरोधक द्रव्ये यांपासून कृत्रिम खाद्य तयार करतात. ही अळी आणि नवीन लष्करी अळी एकमेकींना खातात. म्हणून ठरावीक वयानंतर प्रत्येक अळी स्वतंत्र कुपीत किंवा खाचांच्या ट्रेमध्ये ठेवावी लागते. पाचशे अळ्या म्हणजे पाचशे खाचा. त्यांचे खाद्य बदलणे आणि विष्ठा काढणे ही कामे सुटीच्या दिवशीही चुकत नाहीत.

या कक्षाचे महत्त्व मला स्वतःच्या अनुभवातून कळले. पीएच. डी.च्या दुसऱ्या वर्षी मी घाटे अळीची वसाहत सात पिढ्या सांभाळली होती. ऐन उन्हाळ्यात वीज दोन दिवस खंडित झाली. संस्थेत जनित्र होते, पण ते मोठ्या विश्लेषण यंत्रांच्या इमारतीला जोडलेले होते. संगोपन कक्षाचा त्या यादीत समावेश नव्हता. कक्षातील उष्णता वाढली, ट्रेमध्ये दमटपणा साचला आणि अळ्यांमध्ये विषाणूजन्य रोग पसरला. तिसऱ्या दिवशी अळ्या खाचांच्या कडांना उलट्या लोंबकळताना दिसल्या. सारे साहित्य निर्जंतुक करून वसाहत पहिल्यापासून उभारावी लागली आणि ज्या गावांतील अळ्यांची प्रतिकारक्षमता तपासून देण्याचे मी कबूल केले होते, त्यांना त्या हंगामात उत्तर देता आले नाही. संस्थेच्या माहितीपत्रकात मोठ्या यंत्रांची छायाचित्रे असतात, संगोपन कक्षाचे क्वचितच असते. परंतु यंत्रात जाणारा नमुना याच कक्षातून येतो. म्हणून विद्यार्थ्याने संशोधनासाठी संस्था निवडताना तेथील संगोपन कक्षाला पर्यायी वीजपुरवठा आहे का आणि सुटीच्या दिवशी तो कोण सांभाळतो, हे आवर्जून विचारावे.

प्रत्येक विद्यापीठास सर्व कीटकांच्या वसाहती सांभाळणे शक्य नसते. येथे बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोची जिवंत कीटकांची सुविधा उपयोगी पडते. १९५७ मध्ये बंगळूरात सुरू झालेल्या राष्ट्रकुल जैविक नियंत्रण संस्थेच्या भारतीय केंद्रापर्यंत या संस्थेची मुळे जातात. १९७७ मध्ये अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला, १९९३ मध्ये प्रकल्प संचालनालय स्थापन झाले आणि २००९ मध्ये त्याचे ब्यूरोत रूपांतर होऊन २०१४ मध्ये त्यास आजचे नाव मिळाले. ट्रायकोग्रामासारखे परोपजीवी कीटक, परभक्षी कीटक आणि त्यांच्या पैदाशीसाठी लागणारे यजमान कीटक यांच्या मूळ वसाहती येथून विद्यार्थ्यांना, संशोधकांना आणि उत्पादक केंद्रांना मिळतात. आपल्या तालुक्यातील एखाद्या बचत गटाच्या ट्रायकोकार्ड केंद्रातील वसाहतीचे मूळ शोधले, तर ते अनेकदा अशाच एखाद्या संस्थेपर्यंत जाऊन पोहोचते.

जैवपरीक्षण : ‘औषध लागू पडत नाही’ या तक्रारीची तपासणी

‘अमुक औषध आता लागू पडत नाही,’ ही तक्रार आपण वारंवार ऐकतो. त्यामागे बनावट औषध, चुकीची मात्रा, चुकीची वेळ, पंपाचा बिघडलेला नोझल किंवा किडीत निर्माण झालेली प्रतिकारक्षमता यांपैकी कोणतेही कारण असू शकते. शेतात उभे राहून ते वेगळे काढता येत नाही. जैवपरीक्षणातून काढता येते.

या परीक्षणात औषधाची वाढत्या तीव्रतेची पाच-सहा द्रावणे करतात. पानाच्या चकत्या त्यांत बुडवून, सुकवून एकाच वयाच्या अळ्यांना खाण्यास देतात. काही प्रयोगांत फवारणी मनोऱ्याद्वारे अगदी मोजून समान फवारा दिला जातो. ठरावीक तासांनी मृत अळ्या मोजतात आणि निम्म्या अळ्या ज्या तीव्रतेला मरतात, ती तीव्रता काढतात. एक गट केवळ पाण्याने प्रक्रिया केलेल्या पानांवर ठेवलेला असतो. त्या गटातही काही अळ्या मरतातच. त्यासाठी अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ ॲबट यांनी १९२५ मध्ये मांडलेली दुरुस्ती वापरतात. समजा, औषधाच्या गटात ५५ टक्के आणि पाण्याच्या गटात १० टक्के अळ्या मेल्या. ५५ मधून १० वजा करून येणाऱ्या ४५ ला, १०० मधून १० वजा करून येणाऱ्या ९० ने भागले, म्हणजे औषधामुळे झालेला खरा मृत्यू ५० टक्के निघतो. पाण्याच्या गटातच २० टक्क्यांहून अधिक अळ्या मेल्या, तर साधारणपणे तो प्रयोग रद्द समजतात. संगोपन कक्ष नीट नसेल, तर पुढील सारे कष्ट वाया जातात, ते असे.

यानंतरचा टप्पा तुलनेचा असतो. अनेक पिढ्या कोणत्याही औषधाच्या संपर्कात न आलेली, म्हणजे संवेदनशील वसाहत प्रयोगशाळेत जपलेली असते. उदाहरणादाखल, संवेदनशील वसाहतीतील निम्म्या अळ्या दर दशलक्ष भागांत २ भाग तीव्रतेला मरत असतील आणि आपल्या गावातील अळ्यांना ४० भाग लागत असतील, तर प्रतिकाराचे गुणोत्तर २० झाले. अशा वेळी मात्रा वाढवण्याचा सल्ला घातक ठरतो. त्या गटातील औषध थांबवून वेगळ्या पद्धतीने काम करणारा पर्याय निवडावा लागतो. गुणोत्तर १ च्या आसपास असेल, तर दोष औषधाच्या प्रतीत किंवा फवारणीत शोधावा.

कापसावरील गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत या सुविधेचे मोल संपूर्ण देशाने पाहिले आहे. २००२ मध्ये एका जनुकाच्या बीटी कापसाला आणि २००६ मध्ये दोन जनुकांच्या बीटी कापसाला मान्यता मिळाली. २०१० मध्ये गुजरातमधील काही जिल्ह्यांतील गुलाबी बोंडअळीत पहिल्या प्रथिनाविरुद्ध प्रतिकारक्षमता आल्याचे जाहीर झाले आणि पुढील वर्षांत दोन जनुकांच्या कापसावरही ती जगू लागली. नागपूर येथील केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने यावर सातत्याने लक्ष ठेवले आहे. हे काम शेवटी हिरवी बोंडे तोडून, फोडून, आतील अळ्या मऊ ब्रशने उचलून, जिल्हानिहाय नोंदी ठेवण्याचे असते. कामगंध सापळे लावणे, हंगाम डिसेंबरच्या पुढे न लांबवणे आणि पऱ्हाट्या वेळेत नष्ट करणे यांवर आज आपण जो भर देतो, त्याला अशा नोंदींचा आधार आहे.

विलगीकरण कक्ष : परदेशी किडीसाठी परदेशी मित्र

काही किडी परदेशातून येतात, त्यांचे नैसर्गिक शत्रू मात्र मायदेशीच राहतात. अशा वेळी त्या शत्रूंना येथे आणण्याचा मार्ग असतो; परंतु आणलेला कीटक थेट शेतात सोडता येत नाही. शासनाची परवानगी घेऊन त्यास प्रथम बंदिस्त विलगीकरण कक्षात वाढवतात. तो अन्य उपयुक्त कीटकांना अपाय करत नाही ना आणि त्याच्याबरोबर त्याचाच एखादा शत्रू आलेला नाही ना, याची खातरजमा करतात.

पपईवरील पिठ्या ढेकूण हे याचे उत्तम उदाहरण होय. मध्य अमेरिकेकडील ही कीड २००८ मध्ये कोइमतूर येथे आढळली आणि पपईबरोबरच तुती, टॅपिओका अशा पिकांवर पसरली. महाराष्ट्रातील पपई बागांनाही तिचा उपद्रव झाला. वारंवार फवारण्या करूनही मेणचट आवरणामुळे ती आटोक्यात येत नव्हती. ओळख निश्चित झाल्यामुळे तिच्या मूळ प्रदेशातील शत्रू कोणते, हे साहित्यातून शोधता आले. २०१० मध्ये बंगळूर येथील संस्थेने प्युर्टो रिको बेटावरून ॲसेरोफॅगस पपयी या सूक्ष्म परोपजीवी कीटकासह तीन परोपजीवी कीटक आणले. विलगीकरणातील तपासणीनंतर त्यांची पैदास करण्यात आली. पैदाशीची रीत साधी होती : मोड आलेल्या बटाट्यांवर पिठ्या ढेकूण वाढवायचे आणि त्यांच्यावर परोपजीवी सोडायचे. कृषी विद्यापीठांनी आणि कृषी विज्ञान केंद्रांनी त्यांचा प्रसार केला आणि अनेक ठिकाणी काही महिन्यांतच कीड ओसरली. फवारणी चालू ठेवलेल्या बागांत परोपजीवीही मरतात, हे शेतकऱ्यांना पटवून देण्याचे काम विस्तार कार्यकर्त्यांनी केले. ते झाले नसते, तर विलगीकरण कक्षातील यश कक्षातच राहिले असते.

उर्वरित अंशांचे विश्लेषण

फवारणीनंतर किती दिवसांनी माल काढावा, हा प्रश्न भाजीपाला आणि फळबागायतदारांसाठी जिव्हाळ्याचा आहे. या प्रतीक्षा कालावधीचा आधार म्हणजे औषध किती वेगाने विघटित होते, याचा अभ्यास. विद्यार्थी फवारणीच्या दिवशी, नंतर ठरावीक दिवसांच्या अंतराने फळांचे नमुने घेतो आणि द्रवरूप किंवा वायुरूप क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रावर त्यांतील औषधाचे अंश मोजतो. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या कीटकनाशक अंशविषयक अखिल भारतीय नेटवर्क प्रकल्पाची केंद्रे विविध राज्यांत आहेत. पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची प्रयोगशाळा निर्यातक्षम द्राक्षांच्या अंश तपासणीसाठी राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा म्हणून काम करते. या यंत्रांवरील वेळ मर्यादित आणि प्रत्येक नमुन्याचा खर्च मोठा असतो. त्यामुळे विद्यार्थ्यास आपल्या शेतातील फवारणीची तारीख अंदाजाने सांगू नये. एका दिवसाची चूकही संपूर्ण आलेख बिघडवते.

सामायिक उपकरणे आणि ज्ञानसाठा

लहान महाविद्यालयातील विद्यार्थ्याला वरील सर्व सुविधा एकाच छताखाली मिळत नाहीत आणि तशी अपेक्षाही नसावी. तीन मार्ग त्यास खुले असतात. पहिला मार्ग म्हणजे दुसऱ्या संस्थेतील शास्त्रज्ञास सहमार्गदर्शक म्हणून घेणे. त्यामुळे ठरावीक काळ तेथे राहून काम करता येते. दुसरा मार्ग शुल्क भरून उपकरण वापरण्याचा. देशभरातील शासकीय निधीतून घेतलेल्या उपकरणांची माहिती आणि वेळेची नोंदणी एकत्र देणारे ‘आय-स्टेम’ हे संकेतस्थळ जानेवारी २०२० मध्ये सुरू झाले. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या प्रगत विश्लेषण उपकरण केंद्रांतही बाहेरील विद्यार्थ्यांचे नमुने तपासले जातात. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत असे एक केंद्र आहे. तिसरा मार्ग ग्रंथालयाचा. ‘सेरा’ या संघटित व्यवस्थेतून कृषी विद्यापीठांना संशोधन नियतकालिके मिळत आली आहेत आणि २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेमुळे ही कक्षा शासकीय उच्चशिक्षण संस्थांपर्यंत रुंदावली आहे.

विस्तार कार्यकर्त्यांनी विशेष लक्षात ठेवावी अशी सुविधा म्हणजे ‘कृषिकोश’. कृषी विद्यापीठांतील प्रबंध या संकेतस्थळावर ठेवले जातात. आपल्या जिल्ह्यात, आपल्याच पिकावर पूर्वी कोणी काम केले आहे का, हे तेथे शोधता येते. प्रबंधातील शेवटचे ‘सारांश व निष्कर्ष’ प्रकरण वाचण्यास फार वेळ लागत नाही. त्यात अनेकदा स्थानिक परिस्थितीत तपासलेली अशी माहिती मिळते, जी कोणत्याही घडीपत्रिकेत आलेली नसते.

नमुना कसा पाठवावा?

वरील प्रत्येक सुविधेचा पहिला दुवा शेतात आहे. तो भक्कम करण्यासाठी पुढील बाबी पाळाव्यात :

१. नमुना पाठवण्यापूर्वी संबंधित विभागास दूरध्वनी करून कोणती अवस्था, किती संख्येने हवी आहे, ते विचारावे. काही सेवांना शुल्क असते. तेही विचारून घ्यावे.

२. जिवंत अळ्या हवाबंद पिशवीत घालू नयेत. बारीक छिद्रे असलेल्या प्लास्टिकच्या डब्यात टिपकागद अंथरावा, ताजी पाने पुसून ठेवावीत आणि डबा उन्हापासून दूर ठेवावा. एकमेकींना खाणाऱ्या अळ्या स्वतंत्र डब्यांत ठेवाव्यात.

३. शरीररचनेवरून ओळखण्यासाठी अळी उकळत आलेल्या पाण्यात क्षणभर बुडवून नंतर ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावी. त्यामुळे ती काळी पडत नाही. डीएनए तपासणीसाठीचे नमुने वेगळे काढून, गरम पाण्यात न बुडवता, थेट ९५ टक्के किंवा त्याहून तीव्र अल्कोहोलमध्ये थंड जागी ठेवावेत.

४. पतंग कागदाच्या त्रिकोणी घडीत कोरडे ठेवावेत. पांढरी माशी आणि पिठ्या ढेकूण पानासकट द्यावेत. फुलकिडे फूल किंवा शेंडा पांढऱ्या कागदावर झटकून, ब्रशने उचलून ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावेत.

५. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून कुपीच्या आत टाकावी. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. चिठ्ठीवर गाव, तालुका, तारीख, पीक, वाण, पिकाचे वय, झाडाचा कोणता भाग आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहावे.

६. मागील पंधरा दिवसांतील फवारण्या, औषधाचे नाव आणि मात्रा यांसह खऱ्या लिहाव्यात. शिफारशीबाहेरचे औषध वापरले असेल, तर तेही लपवू नये. विद्यार्थी दोष शोधण्यासाठी नव्हे, तर कारण शोधण्यासाठी हे विचारत असतो.

७. प्रतिकारक्षमतेच्या तपासणीसाठी एकाच झाडावरील अळ्या उपयोगाच्या नाहीत, कारण त्या बहुधा एकाच मादीची संतती असतात. शेताच्या वेगवेगळ्या भागांतून किमान शंभरेक अळ्या किंवा अंड्यांचे अनेक पुंजके गोळा करावेत.

८. अल्कोहोल ज्वालाग्राही असल्याने असे नमुने शक्यतो हस्ते पोहोचवावेत. टपालाने पाठवायचे झाल्यास आधी नियम विचारून घ्यावेत.

विद्यार्थ्याला शेतही लागते

प्रयोगशाळेतील निष्कर्ष शेतात पडताळण्यासाठी विद्यार्थ्याला शेतकऱ्याच्या शेतातील काही ओळी लागतात. त्यांतील काही ओळींवर फवारणी करायची नसते, कारण तुलना त्याशिवाय होत नाही. शेजारच्या पिकावर कीड दिसू लागली की त्या ओळींवरही हात फिरवण्याचा मोह होतो आणि तसे अनेकदा घडते. एका रात्रीत फवारलेल्या त्या चार ओळींमुळे विद्यार्थ्याचा एकमेव हंगाम वाया जाऊ शकतो. म्हणून प्रयोगास होकार देण्यापूर्वी किती क्षेत्र, किती दिवस, नुकसान झाल्यास काय, या बाबी मार्गदर्शक प्राध्यापकांसमक्ष स्पष्ट ठरवून घ्याव्यात. एकदा होकार दिल्यावर मात्र तो पाळावा. प्रयोग संपल्यावर निष्कर्ष सोप्या मराठीत लिहून मागण्याचा आपणास हक्क आहे आणि विद्यार्थ्यानेही ते कर्तव्य मानावे.

येत्या हंगामासाठी एक सूचना. प्रत्येक कृषी विज्ञान केंद्राने आणि तालुका स्तरावरील कार्यालयाने एक लहान नमुना पेटी तयार ठेवावी : दहा-बारा काचेच्या कुप्या, दोन्ही तीव्रतेचे अल्कोहोल, मऊ ब्रश, चिमटा, पेन्सिल, जाड कागदाच्या चिठ्ठ्या आणि छिद्रांचे दोन डबे. पेटीच्या झाकणावर जवळच्या कीटकशास्त्र विभागाचा दूरध्वनी क्रमांक चिकटवावा. अनोळखी कीड दिसताच नमुना त्याच दिवशी काढला गेला, तर वर वर्णन केलेल्या साऱ्या सुविधा तुमच्या शेताच्या कामी येऊ शकतात, आणि विद्यार्थ्यालाही आपल्या प्रबंधाचा प्रश्न पुस्तकाऐवजी तुमच्या बांधावरून मिळतो.